निदिया कुणाचीच नोकर नाही

सान पोन्सियानोत लिफ्ट नाही. गावातली सगळ्यांत उंच वास्तू म्हणजे धान्याचं कोठार, आणि त्यावर चढायला लोखंडी शिडी आहे. तरीही बोगोटापासून सांतियागोपर्यंत लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं काय करावं आणि काय करू नये, हे आमच्या गावातल्या एका बाईनं लिहिलेलं आहे. ‘घाबरू नये. दार हातानं उघडण्याचा प्रयत्न करू नये. मदत येत आहे.’ ही वाक्यं निदिया बेर्तोलोत्तीची. ती स्वतः लिफ्टमध्ये एकदाच बसली, रोसारियोला, भावाच्या घरी जाताना. परतताना जिन्यानं उतरली. मदत येत आहे यावर तिचा विश्वास नव्हता, कारण ते वाक्य कुणी लिहिलंय हे तिला माहीत होतं.

निदिया पन्नाशी ओलांडलेली, उंच, किडकिडीत, चालताना कायम काहीतरी तपासत असल्यासारखी. नन्सच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. शाळा बंद पडली तेव्हा नन्स म्हणाल्या, देवाची इच्छा. निदियानं विचारलं, देवानं तसं लेखी कळवलंय का. पुढे कॅनडातल्या एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला स्पॅनिश येणारी माणसं हवी होती, यंत्रांसोबतची माहितीपुस्तकं इंग्रजीतून उतरवायला. निदियानं अर्ज केला आणि घेतली गेली. तेव्हापासून ती घरात बसून त्यांचं काम करते. कंपनीनं तिला पाहिलेलं नाही, तिनं कंपनीला पाहिलेलं नाही. कागदोपत्री ती त्यांची नोकर नव्हती, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ होती. म्हणजे काम करायचं नोकरासारखं आणि बिल पाठवायचं दुकानदारासारखं.

आमच्याकडे घराबाहेर न पडता पैसे मिळवणाऱ्या माणसाबद्दल दोनच शक्यता मानतात. एक, कुणीतरी श्रीमंत मेलं. दोन, कुणीतरी श्रीमंत मरायच्या बेतात आहे. निदियाच्या बाबतीत दोन्ही बसत नसल्यामुळे लोक अस्वस्थ असायचे. त्यात दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, तिच्या अर्ध्या लावलेल्या खिडकीतून इंग्रजी पुटपुटणं ऐकू यायचं. ती वाक्यं मोठ्यानं वाचून बघायची, एवढंच होतं. पण कसाई फ्रोइलानचं मत होतं की ती कुणाचे तरी पैसे सांभाळते. फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी बाल्दोमेरो म्हणायचा, ही हेर आहे. इथे हेरण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की तो डोळे बारीक करून म्हणायचा, “म्हणूनच.”

या सगळ्यांच्या वरची होती आउरेलिया क्लोस्टर. निदियाची भिंतीला भिंत लागून शेजारीण. ऊन उतरलं की ती फुटपाथवर वेताची खुर्ची टाकायची, शेजारी किटली आणि येर्बाचा कडू हिरवा चहा, आणि दिवे लागेपर्यंत निदियाच्या फाटकावर नजर. दोघींचं भांडण अंजिरावरून होतं. झाड निदियाचं, फांद्या आउरेलियाच्या अंगणात, आणि गांधीलमाश्या दोन्हीकडे. आउरेलियानं नगरपालिकेत तक्रार दिली. एक माणूस आला, त्यानं फांद्या पाहिल्या, अंजिरं खाल्ली, पिशवीभर घेतली आणि निघून गेला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अर्थात आउरेलिया निदियाबद्दल बोलायची, आणि निदियाला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

या प्रकरणाची सुरुवात म्हणाल तर अकाउंटंट डेल्फोर पिचेत्तीच्या ऑफिसात झाली. त्यानं निदियाची वर्षभराची बिलं चाळली आणि उठून दार लोटून घेतलं. आमच्या गावात दार लोटलं की बाहेरच्यांना कळतं की आत ऐकण्यासारखं काहीतरी चाललंय. त्यामुळे हे संभाषण बऱ्याच जणांना पाठ आहे.

डेल्फोरचं म्हणणं असं होतं: सगळी बिलं एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर आणि नंबर एकामागोमाग एक, सलग. हे पाहून कुणीही म्हणेल की ही बाई स्वतंत्र वगैरे काही नाही, त्या कंपनीची नोकरच आहे, फक्त तो शब्द दोघांनी टाळलाय. करखात्याला असलं आवडत नाही, वकिलांना फार आवडतं. यावर उपाय सगळा देश करतो तोच. मधेमधे दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं एखादं बिल फाडायचं, म्हणजे नंबरांची माळ तुटते.

“आणि काम काय केलं म्हणून लिहू?” निदियानं विचारलं.

“सल्ला.”

“कसायाला मी कसला सल्ला देणार?”

“लोक देतात, डोन्या निदिया. माझ्या एका डेंटिस्टानं न्हाव्याला दिलाय. दोघंही टकले आहेत. कुणी काही बोललं नाही.”

“काम न करता बिल? मी काय नगरसेविका आहे?”

डेल्फोरनं हात वर केले. तो धंद्यात मुरलेला माणूस. प्रामाणिक अशिलांना तो असाध्य रोग्यांसारखा वागवायचा, हळुवारपणे आणि आशा न ठेवता.

तर निदियानं जे केलं ते या देशात बहुधा दुसऱ्या कुणी केलं नसेल. खोटी बिलं द्यायची नाहीत म्हणून ती खरी कामं मागायला बाहेर पडली. पहिल्यांदा फ्रोइलानकडे गेली. नदीवर दोरादो मासा धरायला परदेशी लोक येतात, ते दुकानात येऊन भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बोट दाखवतात आणि भलताच तुकडा घेऊन जातात. तिनं त्याला इंग्रजी पाटी लिहून दिली. त्यासाठी एक अख्खी सकाळ दुकानात उभी राहून प्रत्येक तुकडा गाईच्या अंगात नेमका कुठे असतो, कशावर भाजतात, किती वेळ, हे विचारत राहिली. फ्रोइलानला घाम फुटला. नंतर त्यानं खुशीनं बरगड्या बांधून दिल्या, त्या तिनं परत केल्या. बिलात बरगड्या नव्हत्या.

मग बाल्दोमेरो आला. क्लबचा एक पोरगा बेल्जियममधल्या संघाकडे गेला होता आणि तिथले लोक क्लबच्या पत्रांना उत्तर देत नव्हते. निदियानं त्याच्या पत्रांतली भावना काढून टाकली. उत्तर आलं. मग विधवा सेलेस्तिना आली. तिला समुद्रातल्या तेलविहिरीवरचा एक इंजिनिअर इंग्रजीत प्रेमपत्रं पाठवत होता. निदियानं पहिलं पत्र वाचून सांगितलं, हा माणूस इंजिनिअर नाही, इंजिनिअर इतकी विशेषणं वापरत नाहीत. सेलेस्तिना रडली, रागावली आणि दुसरं पत्र घेऊन आली. तेव्हा निदियानं तिच्या वतीनं उत्तर लिहिलं आणि त्यात पोलादी दोराच्या ताणाबद्दल दोन-तीन साधे प्रश्न विचारले. इंजिनिअर बुडाला तो बुडालाच. निदियानं एक चांगला माणूस घालवला, असं सेलेस्तिना आजही म्हणते. पण नातवाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन तिच्याकडेच गेली.

अशी बघता बघता निदियाकडे निम्म्या गावाची ये-जा सुरू झाली. याबद्दल गावात कुणी अवाक्षर काढत नव्हतं. आमच्याकडे स्वतःचा व्यवहार सांगायची पद्धत नाही. पैशाचं नाव इतक्यांदा बदललं, बँकांनी इतक्यांदा दारं लावून घेतली, सरकारनं इतक्यांदा ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून विचारलं, की पोरांना पाढ्यांच्या आधी एक गोष्ट शिकवतात: अनोळखी माणसानं कुणाचं नाव विचारलं की म्हणायचं, “कोण?”

कंपनीकडे काहीतरी शिजतंय, हा संशय निदियाला वाढदिवशी आला. म्हणजे असं की, आधी कॅनडाहून येणारी पत्रं फार गोड असायची. आपण सगळे एक कुटुंब आहोत, तुम्ही आमच्या परिवारातल्या आहात, वाढदिवसाला मेणबत्त्यांचं चित्र. निदियाला हे कधीच आवडलं नव्हतं. तिचं खरं कुटुंब म्हणजे भाऊ अमेरिको, आणि त्याच्याकडून तरी तिला कधी चांगला अनुभव आला होता? पण त्या वर्षी जानेवारीत वाढदिवस आला आणि मेणबत्त्या आल्या नाहीत. तिनं मागची पत्रं काढून पाहिली. ‘कुटुंब’ शब्द गेला होता. ‘सुटी’ हा शब्द गेला होता, त्याच्या जागी ‘तुमच्या उपलब्धतेनुसार’ आलं होतं. ‘आपली टीम’ची ‘पुरवठादार’ झाली होती. कुणीतरी वकील एकेक शब्द उचलून बाहेर ठेवत होता, घर रिकामं करताना ठेवतात तसा.

फेब्रुवारीत खुलासा आला. याच देशात, दुसऱ्या कुठल्याशा शहरात, त्यांच्याकडे असंच काम करणारा एक जण कोर्टात गेला होता. मी स्वतंत्र वगैरे काही नाही, मी यांचा नोकर आहे, मला वाढदिवसाला मेणबत्त्या पाठवत होते, असं म्हणाला आणि जिंकला. आता कंपनीनं ठरवलं होतं की इथून पुढे फक्त खरोखर स्वतंत्र असलेल्या माणसांशीच करार ठेवायचा. ज्यांची इतर गिऱ्हाइकं आहेत, जी आपल्या मर्जीनं काम करतात, अशी. गिऱ्हाइकांची नावं कळवावीत, पडताळणी केली जाईल. पडताळणीत जे बसणार नाहीत त्यांचा करार मार्चअखेर संपेल.

म्हणजे निदियाला भीती होती की ती नोकर ठरेल, आणि कंपनीलाही तीच भीती होती. एकाच भुताला दोघं भीत होते, आणि म्हणून एकमेकांकडे चोरासारखे बघत होते.

काम गेलं तर काय, हे निदियाला पक्कं माहीत होतं. अमेरिकोनं रोसारियोत खोली तयार ठेवली होती. त्याची सासू अंथरुणाला खिळलेली, आणि त्याची बायको म्हणे नाजूक. दर फोनला तो म्हणायचा, “निदी, तू एकटी किती दिवस काढणार तिकडे?” त्याचा अर्थ होता, म्हातारीचं कोण करणार इकडे. खोलीला रंगही दिला होता, फिकट हिरवा, इस्पितळाचा. एक लिफ्टही होती, पण त्याबद्दल तो बोलायचा नाही. जोवर कॅनडाचं काम होतं तोवर निदियाकडे उत्तर होतं: मला काम आहे. दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

डेल्फोर म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही, तुमची गिऱ्हाइकं तर खरीच आहेत, फोन करतील, विचारतील, झालं. कॅनडाहून सान पोन्सियानोला कोण मरायला येतोय? गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवू का, असं निदियानं स्वतःलाच विचारलं आणि नको म्हणून ठरवलं. एक तर साक्षीदार पढवणं तिला पटत नव्हतं. दुसरं, सांगितलं असतं तर तिचं काम जायला आलंय हे गावाला कळलं असतं, आणि मग रोसारियोच्या खोलीचा रंगसुद्धा.

फेब्रुवारीच्या शेवटी, अंजिरं पिकून पडत होती तेव्हा, भर दुपारी एक राखाडी गाडी चौकात येऊन उभी राहिली. आतून चाळिशीतला एक गृहस्थ उतरला. नाव लांबियास, ब्यूनोस आयरेसचा. बूट पॉलिश केलेले, हातात चामड्याचं फोल्डर. आमच्याकडे झोपेच्या वेळेला फोल्डर घेऊन फिरणारा माणूस एक तर धर्मप्रचारक असतो किंवा करखात्याचा. त्याच्याकडे बायबल नव्हतं.

तो फ्रोइलानच्या दुकानात शिरला आणि घाम पुसत म्हणाला, निदिया बेर्तोलोत्ती नावाची बाई तुमचं काही काम करते का? तुम्ही तिला पैसे देता का? फ्रोइलाननं सुरी शांतपणे पुसली आणि म्हणाला, “कोण?” लांबियासनं त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. इतकं स्वच्छ इंग्रजी कुणी लिहिलं? फ्रोइलान म्हणाला, आईनं. आई कुठे आहे? वारली. फ्रोइलानची आई खरोखरच वारली होती, आणि ती सहीच्या जागी अंगठा करायची.

क्लबमध्ये बाल्दोमेरोनं त्याहून मोठी सेवा केली. त्याला वाटलं, करवाल्यांपासून माणूस वाचवायचा तर त्याला जितका गरीब करता येईल तितका करावा. त्यानं सांगितलं, ती बाई? आजारी असते बिचारी, अंथरुणातून उठत नाही, भाऊ पैसे पाठवतो म्हणून दोन घास खाते. इंग्रजी? तिला स्पॅनिशही धड येत नाही हो. सेलेस्तिना तर रडलीच. म्हणाली, निदिया माझी मावसबहीण, माया म्हणून पत्रं वाचून दाखवते, एक पेसो घेत नाही. तीन माणसं, तीन कहाण्या, आणि तिघांनी आपापल्या परीनं जीव ओतलेला. लांबियासनं सगळं लिहून घेतलं.

ऊन उतरल्यावर फ्रोइलान कागदात गुंडाळलेल्या बरगड्या घेऊन निदियाच्या दारात आला. या वेळी तिला परत करता येणार नाहीत याची त्याला खात्री होती.

“काळजी करू नका, डोन्या निदिया,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “करखात्याचा माणूस आला होता. मी तुम्हाला पार बुडवून टाकलंय. तुम्ही गावात आहात हेसुद्धा त्याला सांगितलं नाही.”

मग निदियानं त्याला सांगितलं तो माणूस कोण होता ते.

फ्रोइलाननं पुडकं उंबऱ्यावर ठेवलं.

“म्हणजे करखात्याचा नव्हता?”

“नाही.”

“मग त्यानं फोल्डर कशाला आणलं?” त्याला खरोखरच राग आला होता. “असं फसवायचं माणसांना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं चूक सुधारायचं ठरवलं, आणि आमचं गाव चुकीपेक्षा दुरुस्तीत जास्त नुकसान करतं. पेट्रोल पंपामागच्या लॉजवर लांबियास कॉफी पीत होता. फ्रोइलान, बाल्दोमेरो आणि सेलेस्तिना ठेवणीतले कपडे घालून एकत्र आले. वाटेत बाकीचेही मिळाले होते, ज्यांचं निदियानं काही केलंही नव्हतं. आता आम्हाला आठवलं, असं त्यांनी सांगितलं. ती खूप काम करते, आमच्या सगळ्यांचं करते, फार स्वतंत्र बाई आहे. बाल्दोमेरोनं ‘स्वतंत्र’ हा शब्द इतक्यांदा वापरला की लांबियासनं कप खाली ठेवला. कालच ती अंथरुणातून उठत नव्हती ना, त्यानं विचारलं. बाल्दोमेरो म्हणाला, आज बरं वाटतंय तिला.

मग लांबियास निदियाच्या घरी गेला. तिनं खुर्ची दिली, येर्बाचा कप पुढे केला. त्यानं नियम म्हणून नको म्हटलं, आणि तिला तो माणूस त्याबद्दल थोडा आवडला. तिनं बिलं दाखवली. तो म्हणाला, बिलं मी रोज पाहतो, बाई. या देशात बिल हा काही पुरावा नाही, ती एक साहित्यकृती आहे. मला माणूस हवा.

“गावात विचारलंत ना?”

“विचारलं. इथे प्रत्येक जण एक तर तुम्हाला ओळखत नाही, नाहीतर तुमच्यावर जीव टाकतो. मला दोन्हीचा उपयोग नाही.”

“तुम्ही कंपनीचे नोकर आहात?”

“नाही. मी स्वतंत्र आहे. पडताळणीमागे पैसे मिळतात.”

“दुसरी गिऱ्हाइकं?”

“तो प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नाही.”

“तुमची बिलं सलग नंबरांची असतात का, सेन्योर लांबियास?”

लांबियासनं फोल्डर मिटलं. आधीपेक्षा मऊ आवाजात त्यानं विचारलं की तुमच्याबद्दल चांगलं बोलण्यात ज्याला काडीचाही रस नाही असं गावात कुणी आहे का. निदियाला एकच नाव आठवलं, आणि तिनं मान हलवली. नाही. आउरेलियाच्या हाती आपला गळा द्यायचा, त्यापेक्षा रोसारियोची म्हातारी परवडली. लांबियास उठला. निदियानं त्याला फाटकापर्यंत सोडलं, आत आली, आणि अमेरिकोला फोन करायला म्हणून बसली. पण नंबर लावला नाही.

बाहेर वेताच्या खुर्चीत आउरेलिया होती. त्या दिवशी ती वेळेच्या आधीच बसली होती.

“काय हो,” तिनं हाक मारली, “तुम्ही करखात्याचे ना?”

लांबियासला या गावात दोन दिवस झाले होते. कुणाचंही म्हणणं खोडायचं नाही, एवढं तो शिकला होता. तो नुसता उभा राहिला.

“बसा. तुम्हाला सगळ्यांनी बनवलंय. मी सांगते.”

आउरेलियानं वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं त्याच्यापुढे मांडलं. कसाई कधी आला, हातात काय घेऊन आला, किती वेळ बसला. क्लबवाला महिन्यातून किती वेळा येतो आणि जाताना कसा वाकून बघतो. ती रडकी विधवा, तिचा तो समुद्रातला माणूस, नातवाचा अर्ज. डेल्फोरकडे निदिया कुठल्या वारी जाते. या सगळ्यांकडून ती पैसे घेते, फुकट कुणाचं काही करत नाही, अगदी तिळाएवढंसुद्धा.

“आणि मिजास बघा,” आउरेलिया म्हणाली. “कुणाची नोकर असल्यासारखी कधी वागली नाही ती. मनात आलं की खिडकी उघडणार, मनात आलं की लावणार. त्या क्लबवाल्याला शनिवारी दारातून परत पाठवलं, म्हणाली सोमवारी या. सेक्रेटरी आहे तो! कॅनडावाल्यांनाही म्हणे एकदा कळवलं होतं, हे वाक्य चुकीचं आहे, असं मी लिहिणार नाही. माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं नोकरी केली, साहेबापुढे टोपी काढून उभा राहायचा. हिला टोपीच नाही. या बाईला मालकच नाही हो कुणी. लिहून घ्या.”

लांबियासनं लिहून घेतलं. स्वतंत्र व्यवसाय कशाला म्हणावं यावर कायद्याची जाडजूड पुस्तकं आहेत, पण इतकी नेमकी व्याख्या त्याला त्यांत सापडली नव्हती. त्यानं आउरेलियाला नाव विचारलं. तिनं ते आडनावासकट, अक्षरं सोडवून सांगितलं. उठताना त्यानं विचारलं, तुमचे आणि त्यांचे संबंध कसे आहेत? आउरेलियानं भिंतीपलीकडच्या अंजिराकडे बोट दाखवलं. लांबियासनं वर पाहिलं, आणि म्हणतात की या गावात आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. मग तिनं पुढे केलेला येर्बाचा कप त्यानं घेतला. नियमाचं काय झालं कोण जाणे.

मार्च सरायच्या आत कॅनडाहून पत्र आलं. करार चालू. पत्र अतिशय कोरडं होतं, कुटुंब नाही, मेणबत्त्या नाहीत, आणि त्यामुळे निदियाला ते खरं वाटलं. तरी तिनं डेल्फोरला दाखवलं, कारण चांगल्या बातमीवर एकाच माणसानं विश्वास ठेवणं तिला धोक्याचं वाटायचं. मग अमेरिकोला फोन केला आणि सांगितलं, मला काम आहे. तो म्हणाला, अगं पण खोलीला रंग दिलाय. ती म्हणाली, मग तुझी बायको झोपेल त्यात.

पडताळणी कशामुळे पार पडली हे तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं, लांबियासला दया आली असावी, आणि त्याचा तिला राग आला होता. खरी गोष्ट बाहेर काढली ती आउरेलियानंच. बेकरीत, सगळ्यांसमोर, ती करखात्याच्या नावानं बोटं मोडत होती. मी त्या माणसाला सगळं हातात दिलं, तारीखवार, तोंडी पाठ, आणि महिना उलटला तरी त्या बाईच्या दारावर साधी नोटीस नाही. म्हणूनच हा देश असा आहे. बेकरीवाली पाव बांधायची थांबली. फ्रोइलान रांगेत होता. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. या एका बाबतीत आमचं गाव खरोखर शहाणपणानं वागलं. तिला कुणी काही सांगितलं नाही.

निदियाला मात्र सांगितलं. ती घरी गेली, आणि उरलीसुरली अंजिरं, भिंतीच्या दोन्ही बाजूंची, काठीनं काढून तिनं मुरंबा केला. मोठी बरणी भरली आणि आउरेलियाच्या उंबऱ्यावर ठेवून आली. चिठ्ठी नाही. हाकही मारली नाही.

आउरेलियानं ती बरणी दोन दिवस उंबऱ्यावरच राहू दिली. मग औषधाच्या दुकानात नेऊन वास घ्यायला लावला. दुकानदार म्हणाला, अंजीर आहे, थोडी लवंग आहे. आउरेलियाला ते पटलं नाही. इतकी वर्षं बोलली नाही ती बाई आणि आता मुरंबा? ही लाच आहे, तिनं जाहीर केलं. माझं तोंड बंद करायला दिलीय. करखात्याचे लोक येतील तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायला म्हणून तिनं ती बरणी फडताळात वरच्या खणात जपून ठेवली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पुरावा म्हणून दाखवते.

आम्हीही पाहिली. पुरावा अजून आहे. पण दर आठवड्याला तो थोडा कमी भरतो.